राहत्या घराची करसवलत : तत्त्व, हिशेब आणि अर्ज

घर हे कुटुंबाचे निवासस्थान असते आणि त्याच वेळी कायद्याच्या दृष्टीने ती एक करपात्र मिळकतही असते. या दोन गोष्टींमधील फरक बहुतेक घरमालकांना प्रथम जाणवतो तो घरपट्टीचे देयक हाती पडल्यावर. ज्या घरापासून एक पैसाही भाडे मिळत नाही, ज्यात आपण मुलाबाळांसह राहतो, त्यावर भाड्याने दिलेल्या घराइतकाच कर का द्यावा, असा प्रश्न त्यांच्या मनात येतो. हा प्रश्न रास्त आहे. अनेक ठिकाणच्या करव्यवस्थेत त्याला उत्तरही दिलेले आहे. ते उत्तर म्हणजे मालक स्वतः राहत असलेल्या घरास मिळणारी करसवलत. मात्र ही सवलत घराबरोबर आपोआप येत नाही. ती मागावी लागते, पुराव्याने सिद्ध करावी लागते आणि परिस्थिती बदलली की सोडावीही लागते. पुणे महानगरपालिकेचे उदाहरण मुख्यत्वे समोर ठेवून या सवलतीचे स्वरूप प्रस्तुत लेखात समजावून दिले आहे.

कर कशावर बसतो?

भाडेमूल्यावर आधारित पद्धतीत मिळकत कर घराच्या विक्रीच्या किमतीवर बसत नाही. ते घर भाड्याने दिले असता वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल, याचा अंदाज प्रथम केला जातो. यास वार्षिक भाडेमूल्य म्हणतात. घर प्रत्यक्षात भाड्याने दिलेले असो वा नसो, हा अंदाज केला जातोच. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार या रकमेतून दुरुस्ती व देखभालीपोटी १० टक्के वजावट मिळते. उरलेली रक्कम म्हणजे करपात्र मूल्य. त्यावर सर्वसाधारण कर आणि पाणी, मलनिःसारण, शिक्षण इत्यादींचे कर ठरलेल्या दराने आकारले जातात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. जो मालक स्वतः घरात राहतो, त्याच्या बाबतीत भाडेमूल्य हे केवळ कल्पित असते. त्याला घराचा उपभोग मिळतो, पण त्या घरातून रोख उत्पन्न मिळत नाही. कर मात्र रोखीनेच भरावा लागतो. निवृत्त झालेला शिक्षक, वारसाहक्काने मिळालेल्या घरात राहणारी विधवा किंवा आयुष्याची बचत घालून दोन खोल्या घेतलेला कामगार यांच्या बाबतीत हा भेद विशेष जाणवतो. स्वनिवासाच्या सवलतीमागील तत्त्व हेच आहे. ही कोणावर केलेली मेहेरबानी नव्हे. कल्पित उत्पन्न आणि खरे उत्पन्न यांत केलेला तो न्याय्य भेद आहे.

पुण्यातील सवलतीचा इतिहास

पुणे महानगरपालिकेने १९७० साली ठराव करून, मालक स्वतः राहत असलेल्या निवासी मिळकतींना करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देण्यास प्रारंभ केला. देखभाल-दुरुस्तीपोटी कायद्यात १० टक्के वजावट असताना पुण्यात ती १५ टक्के दिली जात असे. सुमारे अर्धशतक ही व्यवस्था चालली. पुढे लेखापरीक्षणात तिच्यावर आक्षेप निघाले आणि २०१९ साली राज्य शासनाने तो जुना ठराव विखंडित केला. परिणामी १ एप्रिल २०१९ पासून नव्याने आकारणी झालेल्या घरांना ही सवलत मिळेनाशी झाली. एकाच इमारतीत शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन कुटुंबांपैकी जुन्या नोंदीच्या कुटुंबास कमी कर आणि नव्या नोंदीच्या कुटुंबास अधिक कर, अशी स्थिती निर्माण झाली. त्याशिवाय ज्या मिळकतींत मालक राहत नसल्याचे सर्वेक्षणात दिसून आले, त्यांचीही सवलत काढण्यात येऊन फरकाची देयके पाठविण्यात आली.

नागरिकांच्या मागणीनंतर २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने ४० टक्के सवलत पुढे चालू ठेवण्यास मान्यता दिली. पूर्वी दिलेल्या सवलतीच्या फरकाची रक्कम वसूल करू नये, असेही ठरले. दुरुस्तीची वजावट मात्र कायद्याप्रमाणे १० टक्के करण्यात आली. ज्यांनी मधल्या काळात पूर्ण दराने कर भरला होता, त्यांना जादा रक्कम पुढील ४ वर्षांच्या देयकांतून वळती करून देण्याची तरतूद झाली. परंतु त्यासाठी एक अट होती. ज्यांना सवलत मिळत नव्हती त्यांनी ‘पीटी-३’ हा अर्ज भरून आपण स्वतः त्या घरात राहत असल्याचा पुरावा द्यावयाचा होता. त्यासाठी प्रथम १५ नोव्हेंबर २०२३ ही मुदत ठरविण्यात आली होती.

या इतिहासातून दोन बोध निघतात. एक, सवलतीचा आधार कायद्यात भक्कम नसेल तर ती अर्धशतकानंतरही डळमळू शकते. दुसरा, शासनाने सवलत मान्य केली तरी तिचा लाभ अर्ज करणारालाच मिळतो.

हिशेब कसा करावा?

पुढील उदाहरणातील आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर ठिकाणानुसार, बांधकामानुसार व वर्षानुसार भिन्न असतात.

समजा, ६०० चौरस फुटांचे घर आहे आणि भाडेमूल्याचा दर दरमहा प्रतिचौरस फूट १० रुपये आहे.

वार्षिक भाडेमूल्य : ६०० × १० × १२ = ७२,००० रुपये.
दुरुस्तीची १० टक्के वजावट : ७,२०० रुपये.
करपात्र मूल्य : ६४,८०० रुपये.
स्वनिवासाची ४० टक्के सवलत : २५,९२० रुपये.
सवलतीनंतरचे करपात्र मूल्य : ३८,८८० रुपये.

सर्व करांचा एकत्रित दर ३० टक्के धरल्यास सवलतीविना कर १९,४४० रुपये होतो आणि सवलतीसह ११,६६४ रुपये होतो. एका वर्षाचा फरक ७,७७६ रुपयांचा आहे. अर्ज न करता चार वर्षे गेली तर ३१,१०४ रुपये जादा भरले जातात. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबास ही रक्कम लहान नाही. म्हणून देयक आले की केवळ शेवटचा आकडा न पाहता करपात्र मूल्य किती धरले आहे, वापर ‘निवासी’ लिहिला आहे की ‘बिगरनिवासी’, आणि सवलतीची नोंद आहे की नाही, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्यात.

अर्जासोबत काय जोडावे?

पुण्यातील अर्जासोबत मालक स्वतः राहत असल्याबद्दल सहकारी गृहरचना संस्थेचे पत्र, तसेच मतदार ओळखपत्र, पारपत्र, वाहन परवाना, गॅस जोडणीचे कार्ड किंवा शिधापत्रिका यांसारखा त्याच पत्त्याचा पुरावा मागण्यात आला होता. शहरात अन्य मिळकत असल्यास तिच्या करदेयकाची प्रतही जोडावयाची होती. सवलत राहत्या घराला आहे, मालकीच्या प्रत्येक घराला नाही, हे या शेवटच्या कागदावरून स्पष्ट होते.

बहुतेक अर्ज अडतात ते कागदांतील विसंगतीमुळे. देयकावर वडिलांचे नाव आणि पुराव्यावर मुलाचे नाव, ही नेहमी आढळणारी अडचण होय. वडील निवर्तल्यानंतर वारसांची नोंद विलंब न लावता करून घेतली नाही, तर राहणारा मनुष्य कागदोपत्री मालक ठरत नाही आणि सवलतीच्या वेळी प्रश्न उद्भवतो. नवे घर घेतल्यावर शिधापत्रिकेवर जुनाच पत्ता राहणे, हीसुद्धा अशीच अडचण आहे. अर्ज दिल्यावर तारीख व शिक्का असलेली पोच घ्यावी आणि तिची प्रत जपून ठेवावी. पुढील देयकात सवलत दिसली नाही, तर हीच पोच उपयोगी पडते. आकारणी वाढविल्याची विशेष नोटीस आल्यास तीत दिलेल्या मुदतीतच लेखी हरकत नोंदवावी. मुदत टळल्यावर केलेली तक्रार खरी असूनही दुबळी ठरते.

अन्यत्र काय पद्धत आहे?

हेच तत्त्व निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळ्या रूपांत दिसते. मध्य प्रदेशात इंदूर, ग्वाल्हेर येथील नगर निगमांच्या क्षेत्रात मालकाच्या स्वतःच्या निवासासाठी वापरल्या जाणाऱ्या भागाला संपत्तिकरात ५० टक्के सूट आहे. तेथे मालक स्वतःच विवरण भरून कर निश्चित करतो. म्हणून कोणता मजला स्वतःकडे, कोणता भाड्याने आणि कोठे दुकान, हे त्याने खरेपणाने लिहावयाचे असते. खाली दुकान व वर बिऱ्हाड असेल तर सूट वरच्या बिऱ्हाडापुरतीच असते. गुजरातेत अहमदाबाद येथे चटईक्षेत्रावर कर आकारताना निरनिराळे गुणक लावतात. त्यांतील एक गुणक भोगवट्याचा असून मालक राहत असलेल्या घराला तो भाड्याच्या घरापेक्षा कमी असतो.

मुंबईची सवलत मात्र निराळ्या पायावर आहे. तेथे ५०० चौरस फुटांपर्यंतच्या, म्हणजे ४६.४५ चौरस मीटरपर्यंतच्या निवासी सदनिकांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. येथे निकष आकाराचा आहे. पुणे, इंदूर येथे तो निवासाचा आहे. त्यामुळे एका शहरातील नातेवाइकाने सांगितलेला नियम दुसऱ्या शहरात लागू होईल, असे गृहीत धरू नये. महाराष्ट्रात माजी सैनिकांसाठी २०२० पासून मालमत्ता करमाफीची निराळी योजना आहे. तिचा आधार पुन्हा वेगळा, म्हणजे राष्ट्रसेवेचा आहे. आयकरात राहत्या घरासंबंधी मिळणारी सूटही स्वतंत्र आहे. ती मिळाली म्हणून घरपट्टी कमी होत नाही.

ग्रामस्थांनी लक्षात ठेवण्याजोगे

आज जे गाव आहे ते उद्या शहराच्या हद्दीत जाऊ शकते. पुणे महानगरपालिकेत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे समाविष्ट झाली. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरण्याची सवय असलेल्या कुटुंबांसमोर त्यामुळे एकाएकी नवी आकारणी आली. अशा वेळी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मधील नोंद, म्हणजे मालकाचे नाव, क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार व वापर, बिनचूक असणे फार महत्त्वाचे ठरते. गोठा किंवा पडवी राहत्या खोलीत मोजली गेली असेल, तर ती चूक पुढील आकारणीतही चालत येण्याचा धोका असतो. ग्रामपंचायतीकडून नोंदीचा उतारा घेऊन तो घराशी ताडून पाहावा.

सवलतीसोबत येणारे कर्तव्य

घर भाड्याने दिले, मालक परगावी राहावयास गेला किंवा एका खोलीत दुकान सुरू झाले, तर सवलतीचा आधार तेवढ्यापुरता संपतो. हे न कळविता सवलत घेत राहिल्यास तपासणीत ती रद्द होते आणि मागील फरक एकदम भरावा लागतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, नळाचे पाणी, गटारे, रस्त्यावरील दिवे, शाळा यांचा खर्च याच करातून भागतो. खोट्या सवलतीने जो भार एकाने टाळला, तो अखेर प्रामाणिक शेजाऱ्यावर पडतो. कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे की, अर्जदार सवलत मागतो तेव्हा तो कर बुडवीत नसतो. अर्ज कोठे मिळतो, कोणते कागद हवेत व निर्णय किती दिवसांत होईल, हे सोप्या भाषेत कार्यालयाच्या फलकावर लिहिले, तर निम्म्या खेपा वाचतील.

शाळांसाठी अभ्यास

शिक्षकांनी वरच्या वर्गांत टक्केवारी शिकविताना पुढील प्रश्न द्यावेत.

१. घराचे क्षेत्रफळ ४५० चौरस फूट, भाडेमूल्याचा दर दरमहा प्रतिचौरस फूट ८ रुपये. १० टक्के वजावट व नंतर ४० टक्के सवलत धरून करपात्र मूल्य काढा. (उत्तर : २३,३२८ रुपये)

२. आधी ४० टक्के सवलत व नंतर १० टक्के वजावट धरली, तर उत्तर बदलते काय? कारण सांगा.

३. आपल्या घराच्या देयकावर किंवा उताऱ्यावर मालकाचे नाव, क्षेत्रफळ व वापर यांच्या नोंदी बरोबर आहेत काय, हे वडीलधाऱ्यांसह पडताळा. चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज स्वतः लिहून दाखवा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडणार नाही. परंतु एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेल्या अर्जामुळे त्याच्या आजीच्या घराची नोंद दुरुस्त झाली, तर त्या वर्गात शिकविलेल्या गणिताचे चीज झाले असे म्हणावयास हरकत नाही.