खालची कवळी आणि चर्वणाचा भार

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात वाहनाचा सुटा भाग तयार होण्यापूर्वी त्यावर पडणाऱ्या भाराचे गणित संगणकावर मांडले जाते. भागाची आकृती असंख्य लहान घटकांत विभागून प्रत्येक घटकावरील ताण काढण्याच्या या रीतीस फायनाइट एलिमेंट पद्धती म्हणतात. हीच पद्धती आज दंतवैद्यकात जबड्याच्या हाडालाही लावली जाते. याच पट्ट्यातील ताथवड्यासारख्या, एके काळी शेतीवर जगणाऱ्या व पुढे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या गावातील ज्या वृद्धांची हयात भाकरी खाण्यात गेली, त्यांच्या दृष्टीने हा विषय वाटतो तितका दूरचा नाही.

सर्व दात गेल्यावर खरी अडचण होते ती खालच्या कवळीची. वरच्या कवळीस टाळूचा आधार मिळतो. खालचीस हिरडीची अरुंद कड तेवढी मिळते. आधाराचे हे क्षेत्र वरच्या जबड्यात सुमारे २३ चौरस सेंटिमीटर, तर खालच्यात सुमारे १२ भरते. त्यातच खालच्या जबड्याचे हाड वरच्याच्या सुमारे चौपट झिजते, असे १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घकालीन अभ्यासात आढळले. नैसर्गिक दाढांनी जेवढा जोर लावता येतो, त्याचा जेमतेम चौथा हिस्सा साध्या कवळीने लावता येतो. परिणामी भाकरी, हरभरे, कच्ची भाजी ताटातून जाते आणि मऊ भातावर भागवावे लागते.

टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, या शोधाच्या आधारे स्वीडनचे ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात त्याचे खुंट बसविले. खालच्या जबड्यात पुढील बाजूस असे दोन खुंट बसवून त्यांवर काढता-घालता येणारी कवळी अडकवावी, हा किमान उपचार मानावा, असे मत २००२ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी मांडले.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. खुंट बसले म्हणजे सारा भार त्यांनीच पेलला असे होत नाही. घास दाढेखाली येतो तेव्हा कवळी दोन खुंटांना जोडणाऱ्या रेषेभोवती किंचित फिरते व मागील भाग हिरडीवरच दाबला जातो. खुंट दाबाखाली जवळजवळ हलत नाही, हिरडी मात्र त्याच्या कितीतरी पट दबते. नैसर्गिक दाताच्या मुळाभोवती भार झेलणारा पातळ पडदा असतो. खुंटाभोवती तो नसतो. म्हणून ताण खुंटाच्या गळ्याशी, हाडाच्या कठीण वरच्या थरात साठतो. सरळ दाबापेक्षा तिरका दाब अधिक बाधतो. भाकरी रगडताना किंवा सुपारी फोडताना तोच पडतो. सुपारी तर सोडलेलीच बरी.

मागील हाड वर्षागणिक झिजते आणि कवळीचा तळ तेथे पोकळ होतो. तो वेळेवर भरून न घेतल्यास कवळी अधिक हेलकावते व खुंटांवरील तिरका भार वाढतो. अडकवणीतील नायलॉनच्या टोप्याही झिजतात. त्या बदलाव्या लागतात. कवळीखाली अन्न शिरू लागले, अथवा दाढेवर बोट दाबताच पुढचा भाग उचलू लागला, तर दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे जावे. एरवीही वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.