म्हणींचा आरसा

पुष्कळ लोकांचा, पुष्कळ दिवसांचा अनुभव ज्या लहानशा वाक्यांत सांठविलेला असतो, त्याला आपण म्हण म्हणतों. म्हण पंडिताच्या घरीं क्वचितच जन्मते. ती शेतांत, स्वयंपाकघरांत व बाजारांत जन्मते.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर काथ्याचा सुंभ कोणीं पाहिला नाहीं? तो विस्तवांत टाकला, तर राखेंतही त्याचा पीळ तसाच दिसतो. हें पाहतां कोणाला तरी सर्वस्व गेल्यावरही ताठा न सोडणारा मनुष्य आठवला असावा. म्हणूनच 'सुंभ जळला तरी पीळ जळत नाहीं.' ज्यांनीं पेण-उरणकडील मिठागरें पाहिलीं आहेत, त्यांस ठाऊक आहे कीं, मीठ कोणाच्याही घरीं गेलें तरी खारटच लागतें. तरी 'नावडतीचें मीठ अळणी'! दोष मिठांत नाहीं, चाखणाऱ्याच्या मनांत आहे. द्राक्षें मात्र आपल्या किनाऱ्याचें पीक नव्हे. 'कोल्ह्याला द्राक्षें आंबट' ही म्हण ग्रीक इसापाच्या कथेंतून आली. तरी ती आपणांस परकी वाटत नाहीं, कारण मनुष्यस्वभाव सर्वत्र एकच.

रेव्हरंड मॅनवेअरिंग या मिशनऱ्यांनीं मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी भाषांतरासह १८९९ सालीं ऑक्सफर्ड येथें प्रसिद्ध केला. म्हणी अशा एकत्र मांडल्या म्हणजे एक गंमत दिसते. 'शुभस्य शीघ्रम्' हें वचन त्वरा करावयास सांगतें, तर 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग' ही म्हण त्वरा करणाऱ्यास हंसते. खरें कोणतें? दोन्हीं खरीं, पण आपापल्या प्रसंगीं. प्रसंग व मनुष्य ओळखल्यावांचून वापरलेली म्हण खोटी ठरते.

येथें आमचीच एक चूक सांगतों. एका विद्यार्थ्याला एक गणित तीनदां सांगूनही समजेना, तेव्हां आम्हीं वर्गादेखत म्हटलें, "पालथ्या घड्यावर पाणी!" वर्ग हंसला. त्यानंतर वर्षभर तो मुलगा एकही प्रश्न विचारण्यास उभा राहिला नाहीं. पुढें आम्हांस उमगलें कीं, घडा पालथा नव्हता. ओतणाऱ्याचाच हात चुकत होता. 'नाचतां येईना, अंगण वांकडें' ही म्हण आम्हीं कितीदां तरी शिकविली होती. ती आपणांसही लागू आहे, हें मात्र शिकलों नव्हतों.

आईबापांसही आमची विनंती आहे. 'कुत्र्याचें शेपूट वांकडें तें वांकडेंच' असें रोज ऐकविल्यानें मुलगा सुधारत नाहीं. तो तें खरें मानूं लागतो.

म्हण हा आरसा आहे. तो दुसऱ्याच्या तोंडापुढें धरण्यापूर्वीं त्यांत एकदां आपण पाहावें. मुलांनो, या सुटींत आजीआजोबांपाशीं बसून दहा म्हणी वहींत उतरून घ्या, आणि प्रत्येक म्हणीपुढें, ती आपणांस केव्हां लागू पडली, तें प्रामाणिकपणें लिहा.