आधी अंदाज लिही

चि. सोनूस,


ताईचा फोन आला होता. पाथरीत घरी बसून तू पुण्याच्या कंपनीचं तासांवरचं काम घेतलंस, हे ऐकून फार बरं वाटलं. ताई म्हणाली, पोरगी दिवसभर लॅपटॉपसमोर असते आणि रात्री म्हणते, आज काहीच झालं नाही. ते ऐकून हे पत्र लिहायला घेतलं.

कंपनीला तास कळवायला तुला काहीतरी साधन हवंय ना, मग टाइमवॉरियर घे. फुकट आहे, उबंटूवर एका ओळीत बसतं आणि इंटरनेटवाचून चालतं. टर्मिनलमध्ये 'टाइमडब्ल्यू स्टार्ट' लिहून पुढे कामाचं नाव टाकलं की मोजणी सुरू, 'स्टॉप' म्हटलं की बंद, 'समरी' म्हटलं की हिशेब समोर. सगळी नोंद साध्या मजकुराच्या फाइलींत, दर महिन्याला एक अशी, तुझ्याच लॅपटॉपवर राहते. फाइल उघडलीस तर वेळा साडेपाच तास मागे दिसतील. दचकू नकोस, आत जागतिक प्रमाणवेळ असते. हिशेब दाखवताना ती आपल्या वेळेत येते.

वाकाटाइमसारखी एडिटरमध्ये बसून आपोआप वेळ मोजणारी साधनंही आहेत. सोयीची आहेत, पण मी ती तुला सुचवणार नाही. त्यांना एडिटरमधली हालचाल तेवढी दिसते. तू वहीवर आकृती काढत अर्धा तास डोकं लढवलंस, तर तो त्यांच्या हिशेबात येतच नाही. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली 'द मिथिकल मॅन-मंथ'मध्ये कामाच्या वेळेचा एक ठोकताळा दिला: एक तृतीयांश आखणी, निम्मा वेळ चाचण्या आणि प्रत्यक्ष कोड लिहायला फक्त एक षष्ठांश. तू रात्री मोजतेस तो हा एक षष्ठांश, म्हणून हात रिकामे वाटतात. वाचन, आखणी, कोड, चाचणी अशी वेगवेगळी नावं देऊन नोंद कर आणि आठवडाभराने बघ.

आता मुख्य सांगतो. कंपनीला तास कळवणं हा या नोंदीचा सगळ्यात लहान उपयोग आहे. काम हातात घेण्याआधी त्याला किती वेळ लागेल, हा तुझा अंदाज लिहून ठेव. मोजणी सुरू केल्या केल्या 'ॲनोटेट' वापरून 'अंदाज 3 तास' एवढंच लिही. वॉट्स हम्फ्री नावाच्या गृहस्थांनी बरीच वर्षं आयबीएममध्ये काढली आणि पुढे 1995 साली एकट्या प्रोग्रामरने पाळायची शिस्त पुस्तकात मांडली. आधी अंदाज, मग प्रत्यक्ष वेळ, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहणं, हा तिचा कणा. त्यांच्या वेळेच्या तक्त्यात व्यत्ययाच्या मिनिटांना स्वतंत्र रकाना होता, ही गोष्ट मला फार आवडते. काम करताना माणसाला मध्येच उठावं लागतं, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

तुझ्याकडे तर व्यत्ययांना तोटाच नाही. लाइट जाते, राउटर बंद पडतो, साईबाबांचं जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या मंदिरात दर्शनाला आलेले पाहुणे दुपारी जेवायला उतरतात. उठताना 'स्टॉप' म्हण. राहून गेलं किंवा लॅपटॉपच बंद पडला, तर नोंद उघडी राहते आणि तास वाढत जातात. मग 'स्टॉप'पुढे उठलीस ती खरी वेळ लिही, मोजणी तिथेच थांबते. 'गॅप्स' म्हटलं की नोंद नसलेला वेळ दिसतो. तो भरून काढायच्या मागे लागू नकोस.

आजोबा मानवतच्या मोंढ्यात आडतीवर कीर्द लिहायचे. व्यवहार झाला की त्याच दिवशी, झाला त्या क्रमाने कीर्दीत; नावानावाची जुळणी नंतर खतावणीत. तुझी नोंद तशी असू दे. दोन तास एका स्वल्पविरामापायी गेले असतील तर दोन तासच लिही, लाजून अर्धा करू नकोस. त्या दोन तासांवरूनच पुढचा अंदाज सुधारतो.

बिलात काय धरायचं, हेही पक्कं कर. त्यांचा जुना कोड वाचून समजून घेणं हे त्यांचं काम आहे, त्याचे पैसे संकोच न करता माग. नवी भाषा मुळापासून शिकायला लागलेला वेळ मात्र तुझा. त्याला वेगळं नाव दे आणि बिलातून वगळ. पुढचं काम ठरवताना ते घाई करतील, 'दोन दिवसांत होईल ना?' म्हणतील. लगेच हो म्हणू नकोस. तसलंच काम मागे किती वेळात झालं ते आधी काढून बघ.

महिना झाला की अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ असे दोन रकाने करून मला पाठव. माझा कयास आहे की चाचण्यांत तुझा अंदाज सगळ्यात जास्त चुकत असेल. तसं निघालं तर नव्या कामाचे तास कंपनीला कळवण्याआधी मला फोन कर.

तुझा,
मामा