सभासद शिक्षण : नवा ड्रायव्हर ठेवताना



गळीत हंगाम तोंडावर आला की आपली धावपळ ठरलेली. ट्रॉलीचे टायर बघायचे, वाहतुकीचा करार करायचा, टोळीला उचल द्यायची. बैल घेताना आपण दात मोजतो, चार पावलं चालवून बघतो. पण लाखो रुपयांच्या ट्रॅक्टरवर किंवा ट्रकवर बसणारा ड्रायव्हर मात्र बहुतेक वेळा "मुकादमाच्या ओळखीचा आहे" एवढ्यावर येतो. "लायसन आहे का रे?" "आहे की मालक." झाली चौकशी!

ही चौकशी एवढ्यावर का भागत नाही, ते आधी पाहू. समजा, रात्री भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन निघालेल्या आपल्या ट्रॅक्टरखाली एखादा मोटारसायकलवाला सापडला. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जातो. तिथं विमा कंपनीचा वकील पहिल्यांदा ड्रायव्हरचं लायसन मागतो. ते नसेल, मुदत संपलेली असेल किंवा दुसऱ्याच प्रकारच्या वाहनाचं असेल, तर अनेक निकालांत न्यायालयांनी कंपनीला सांगितलेलं आहे की मृताच्या घरच्यांना भरपाई आधी द्या आणि नंतर ती मालकाकडून वसूल करा. विम्याचा हप्ता वेळेवर भरलेला असूनही रक्कम आपल्या अंगावर येते. आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावाही अडतो, तो वेगळाच.

आता यात मालकाच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली लेहरू खटल्यात आणि २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात सांगितले की, मालकाने लायसन पाहिले, माणूस गाडी नीट चालवतो याची खात्री केली आणि पुढे ते लायसन बनावट निघाले, तर तेवढ्याने मालक दोषी ठरत नाही. मालकाने निष्काळजीपणा केला हे कंपनीने सिद्ध करायचे. म्हणजे सगळा प्रश्न येऊन थांबतो तो इथे, की तुम्ही खरोखर पाहिले होते का? आणि ते दाखवायला तुमच्याजवळ काय आहे?

तर मग लायसन हातात घ्या. झेरॉक्स नको, फोनमधला फोटोही नको. कार्ड तरी हवे, नाहीतर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमध्ये उघडलेले लायसन हवे; ते कायद्याने चालते. नंबर वाचायला शिका. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक आरटीओ कार्यालयाचे. एमएच २३ म्हणजे बीड, एमएच १३ म्हणजे सोलापूर. त्यापुढचे चार अंक साधारणपणे लायसन मिळाल्याचे साल असते. "पंधरा वर्षं स्टिअरिंगवर आहे" म्हणणाऱ्या गड्याच्या नंबरात २०२३ निघाले, तर आधीची वर्षं कशावर काढली, हे विचारायला हरकत नाही. लगेच खोटा ठरवू नका, पण विचारा.

मग नंबर आणि जन्मतारीख घेऊन शासनाच्या परिवहन संकेतस्थळावर 'सारथी'मध्ये ते तपासा. नाव, मुदत, वाहनाचा प्रकार, लायसन चालू आहे की निलंबित, हे सगळे तिथे दिसते. पूर्वी यासाठी आरटीओत एक दिवस मोडायचा. आता घरातली कॉलेजला जाणारी मुलगी पाच मिनिटांत करून देते.

वाहनाच्या प्रकारात फार घोटाळा होतो. कायद्यात 'हलके वाहन' म्हणजे ट्रॅक्टर असेल तर रिकामे वजन ७,५०० किलोपर्यंत आणि मालवाहू गाडी असेल तर मालासकट मंजूर वजन ७,५०० किलोपर्यंत. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली म्हणून ट्रॅक्टरचे लायसन बाद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये नागशेट्टी खटल्यात सांगितले. हलक्या वाहनाच्या लायसनवर छोटी मालगाडी चालते, हे ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पक्के केले. पण दहा टायरचा ऊसाचा ट्रक त्यात बसत नाही. त्याला जड वाहनाचेच लायसन लागते. व्यवसायी वाहनाच्या लायसनची मुदत पाच वर्षांची असते. ती हंगामाच्या मध्यावर संपत नाही ना, तेही बघा.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती घरोघरी आहे. ड्रायव्हर सुट्टीवर गेला की "आमचा पोरगा नेतोय की काट्यावर" असं होतं. पोरगा सोळा वर्षांचा! २०१९ च्या दुरुस्तीपासून अशा वेळी पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या पोराला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन मिळत नाही. सज्ञान पण विनालायसन माणसाला गाडी दिली, तर मालकाला ५,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

कागद झाले. आता माणूस. दंडाच्या बऱ्याचशा पावत्या गाडीच्या नंबरावर फाटतात, चालकाच्या नावावर नाही. त्यामुळे त्याची खरी पत्रिका जुन्या मालकाकडेच असते. मागच्या दोन हंगामांत कुणाकडे होता ते विचारून स्वतः फोन लावा. "माणूस कसा आहे?" असं विचारलं तर "बरा आहे" एवढंच उत्तर येतं. "परत ठेवाल का?" असं विचारा आणि तो किती वेळ थांबून बोलतो ते ऐका. अपघात झाला होता का, रात्री पितो का, खेप अर्धी टाकून गेला का, हे थेट विचारा. मात्र जुन्या मालकाची उचल अडकली असेल तर तो वाईटच बोलणार, म्हणून एकाऐवजी दोघांना विचारलेलं बरं. परजिल्ह्यातला आणि अगदी अनोळखी असेल तर पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला आणायला सांगा. त्याला आठ-पंधरा दिवस जातात असं धरून, उचल देण्याआधीच सांगा. उचल घेतल्यावर कुणी दाखला आणत नाही.

शेवटी चालवून बघा, आणि भरलेल्या ट्रॉल्यांसह बघा. रिकामा ट्रॅक्टर कुणीही पळवतो. ट्रॉलीला बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर मागचा ऊस ट्रॅक्टरला ढकलतो. तो उताराआधीच गिअर खाली घेतो की ब्रेकवर भिस्त ठेवतो, ते शेजारून चालत बघा. एकदा अंधार पडल्यावरही फेरी घ्या, म्हणजे समोरून दिवे आले की डोळे किती काम देतात ते कळेल.

हे सगळं एका वहीच्या पानावर लिहा : तारीख, लायसन नंबर, मुदत, 'सारथी'वर पाहिल्याची छापील प्रत, कुणाला फोन केला, कोणत्या रस्त्यावर चालवून पाहिलं. खाली त्याची सही किंवा अंगठा घ्या. ते पान ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवू नका, घरी विम्याच्या कागदांसोबत ठेवा.