भाव किलोचा नको, पेल्याचा काढा

बाजारात आपण भाव विचारतो किलोचा, नाहीतर डझनाचा. घरी मात्र हिशेब लागतो रसाचा. संत्रे, मोसंबी आणि लिंबू या तिन्ही फळांत साल, चोथा आणि बिया यांचेच वजन निम्म्याहून जास्त भरते. हाताने पिळले तर एक किलो फळांतून साधारण 350 ते 400 मिली रस निघतो. म्हणजे 200 मिलीच्या एका पेल्याला अर्धा किलो फळ. हा एक आकडा पाठ असला की गाडीवरचा रस, खोक्यातला रस आणि घरचा रस यांची तुलना उभ्या उभ्या करता येते.

पुढच्या हिशेबासाठी मी संत्री 80 रुपये, मोसंबी 70 रुपये, हिवाळ्यातली लिंबे 60 रुपये आणि साखर 45 रुपये किलो धरली आहे. गावागणिक आणि आठवड्यागणिक भाव बदलतात. तुमच्या बाजारातला भाव घालून पाहा, रीत तीच राहील.

या भावाने संत्र्याच्या निव्वळ रसाचा पेला 40 रुपयांना पडतो, मोसंबीचा 35 रुपयांना. गाडीवर पेला यापेक्षा फार स्वस्त मिळत असेल, तर त्यात बर्फ आणि पाणी किती आहे ते विचारावे. पण माझा सल्ला असा की, संत्र्याचा रस रोज काढूच नये. एका पेल्यात तीन-चार संत्री संपतात. तीच सोलून खाल्ली तर दोघांचे पोट भरते आणि चोथाही पोटात जातो. शिवाय नागपुरी संत्र्याचा आणि किन्नोचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडू होतो. फळातले लिमोनिन हे द्रव्य रस निघाल्यावर हळूहळू कडवटपणा आणते. बिया मिक्सरमध्ये भरडल्या गेल्या तर तो आणखी वाढतो. उरलेला रस मग सिंकमध्ये जातो आणि चाळीस रुपयांचा पेला साठ रुपयांचा होतो. रस हवाच असेल तर हाताने पिळा, लगेच प्या. रसासाठी मोसंबी अधिक सोयीची.

संत्री कधी घ्यावीत हे बहारावर, म्हणजे झाडाला फूल कधी आले त्यावर, ठरते. आंबिया बहाराची फळे ऑक्टोबर ते डिसेंबरात येतात, मृग बहाराची साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. आंबियाच्या पहिल्या फळांना आंबटपणा असतो, म्हणून ती सरबताला आणि स्वयंपाकाला चांगली. नुसती खायला मृगाची संत्री गोड. साल हिरवट आहे म्हणून फळ कच्चे असे समजू नका. सालीला रंग चढायला थंडी लागते, आत गोडी आधीच आलेली असते. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागेल ते फळ निवडा. नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये आणि जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. डिसेंबर-जानेवारीत पंजाब आणि राजस्थानातून येणारा चकचकीत केशरी किन्नो पुष्कळदा नागपुरी म्हणून विकला जातो. नागपुरीची साल सैल असते आणि सहज सुटते. किन्नोची साल घट्ट बसलेली असते आणि आत बिया भरपूर असतात. किन्नो वाईट फळ नाही, पण नागपुरीचा भाव त्याला देऊ नका.

खरी बचत लिंबात आहे. कागदी लिंबू पावसाळ्यात आणि हिवाळ्यात मुबलक येते आणि उन्हाळ्यात, जेव्हा ते सगळ्यांना हवे असते, तेव्हा आटते. उन्हाळ्यात फळ यायचे तर झाडाला सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे हस्त बहारात, फूल यावे लागते. फूल येण्यासाठी त्याआधी झाडाला पाण्याचा ताण बसावा लागतो आणि भर पावसाळ्यात तो देणे शेतकऱ्याच्या हातात नसते. म्हणून एप्रिल-मेमध्ये लिंबू दरवर्षी महागते. 2022 च्या एप्रिलमध्ये कित्येक शहरांत एक लिंबू दहा रुपयांना, कुठे त्याहूनही महाग विकले गेले.

उपाय सोपा आहे: हिवाळ्यात पिळून ठेवा. एका किलोत वीस ते पंचवीस लिंबे बसतात, एका लिंबातून सुमारे 15 मिली रस मिळतो. बर्फाच्या ट्रेमध्ये एका खणात एका लिंबाचा रस ओता, गोठला की खडे पिशवीत भरून फ्रीजरमध्ये ठेवा. एक खडा म्हणजे एक लिंबू. हिवाळ्यात तो अडीच-तीन रुपयांना पडतो. लिंबे 200 रुपये किलोवर गेली की तेच एक लिंबू आठ ते दहा रुपयांचे असते.

फ्रीजरमध्ये जागा नसेल तर पाक करा. 400 मिली रसात 800 ग्रॅम साखर घालून, गॅसवर न ठेवता, दिवसातून दोन-तीनदा ढवळत विरघळवा आणि काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबे 60 रुपयांची, साखर 36 रुपयांची, एकूण 96 रुपये. यात पंचवीसेक पेले सरबत होते, म्हणजे पेला चार रुपयांच्या आत. मात्र प्रत्येक पेल्यात तीस ग्रॅमच्या आसपास साखर जाते, हे मधुमेही माणसाच्या घरी विसरू नये. त्यांच्यासाठी गोठवलेला खडा, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड पुरते. रस ॲल्युमिनियम, तांबे किंवा पितळेच्या भांड्यात ठेवू नका. पिळायचे यंत्रही स्टीलचे घ्या.

पाहुण्यांसाठी काही खास हवे तर निव्वळ रसाऐवजी 100 मिली संत्र्याचा रस, अर्धे लिंबू, किसलेले आले, पुदिना, सैंधव आणि वरून 100 मिली गार सोडा. खर्च 25 रुपयांच्या आत आणि चव रसापेक्षा तरतरीत. साध्या लिंबू सोड्यात मात्र गंमत उलटी आहे: 750 मिलीची बाटली वीस रुपयांना धरली तर एका पेल्याचा सोडा पाच-सहा रुपयांचा होतो, लिंबापेक्षा दुप्पट महाग. गोव्यात मार्च ते मे हा हुर्राकचा हंगाम. काजूच्या बोंडांच्या रसाची ती पहिल्या धारेची दारू लिंबू, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि लिंबाच्या चवीचे थंड पेय किंवा सोडा घालून घेतात. त्याच दिवसांत लिंबू सर्वांत महाग असते, म्हणून हिवाळ्यातले खडे तिथेही कामाला येतात.

स्वयंपाकात संत्र्याचे दोन नियम: दूध गरम असताना ते त्यात घालू नये आणि फार शिजवू नये. संत्रा बासुंदीसाठी एक लिटर दूध निम्मे होईपर्यंत आटवा, 75 ग्रॅम साखर घाला, पूर्ण गार करा. मग दोन संत्र्यांच्या पाकळ्या वरची पातळ साल आणि बिया काढून त्यात सोडा. गरम दुधात घातल्या तर दूध फाटते आणि सत्तर रुपये पाण्यात. दूध 70, संत्री 24, साखर तीन-चार आणि पाऊण तासाच्या गॅसचे आठ-दहा रुपये धरले तर एकशेदहा रुपयांच्या आत पाच वाट्या होतात.

साल टाकू नका. चकचकीत मेणाचा थर असलेले फळ असेल तर साल वापरू नये, एरवी कोमट पाण्यात घासून धुवावी. आतला पांढरा भाग खरवडून, साल बारीक चिरून दोन पाण्यांत उकळून ते पाणी टाकले की कडवटपणा पुष्कळ कमी होतो. मग चिंच, गूळ, तिखट आणि हिंगाच्या फोडणीत ती शिजवली की आंबटगोड तोंडीलावणे तयार, जवळजवळ फुकट. कर्नाटकात असाच संत्र्याच्या सालीचा गोज्जू करतात आणि तो भाताबरोबर फार छान लागतो.

लिंबाचे उपवासाचे गोड लोणचे तर हिशेबाला सर्वांत चोख. पातळ सालीची, पिवळी लिंबे एक किलो, मीठ 200 ग्रॅम, साखर 750 ग्रॅम, तिखट 75 ग्रॅम. लिंबे धुऊन पूर्ण कोरडी करा, फोडी करून बिया काढा, मीठ लावून आठ-दहा दिवस काचेच्या किंवा चिनीमातीच्या बरणीत मुरू द्या, साल मऊ झाली की साखर आणि तिखट घाला. तेलाचा थेंब नाही, गॅस नाही. तिखट 400 रुपये किलोचे धरले तरी सगळा खर्च 130 रुपये आणि लोणचे पावणेदोन किलोच्या पुढे, म्हणजे किलोला 75 रुपयांच्या आत. दुकानातल्या बरणीवर वजन आणि किंमत छापलेली असते, ती शेजारी लिहून पाहा.

बाटलीबंद पेय घेताना घटकांची यादी वाचा. आपल्याकडच्या नियमांनुसार फळांच्या तयार पेयात किमान 10 टक्के रस असावा लागतो, लिंबाच्या पेयाला 5 टक्केही चालतो. स्क्वॅशमध्ये किमान 25 टक्के. याचा अर्थ, 10 टक्क्यांच्या एक लिटर संत्रा पेयात 100 मिली रस, म्हणजे माझ्या भावाने वीस रुपयांची संत्री. उरलेले पैसे पाणी, साखर, बाटली आणि जाहिरातीचे. घट्ट रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर '100 टक्के फळांचा रस' असे छापू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जून 2024 मध्ये काढला आहे. तसा दावा अजून कुठे दिसला, किंवा छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागितले, तर पावती आणि लेबलाचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवा.