चिकित्सालयाच्या अंगणातील सीता अशोक

अशोकारिष्टाचा प्रयोग आपण सर्वच करतो. परंतु ज्या वृक्षाची त्वचा त्यात पडते, तो वृक्ष किती जणांच्या नित्य पाहण्यात असतो? बंगल्यांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा ‘अशोक’ हा औषधी अशोक नव्हे. तो आसुपालव, सीताफळाच्या कुळातील. त्याची साल अशोकत्वचेत मिसळली जाते आणि रक्तप्रदराच्या रुग्णेस अपेक्षित गुण येत नाही.

चरकाचार्यांनी वेदनास्थापन गणात व सुश्रुताचार्यांनी रोध्रादि गणात सांगितलेला अशोक म्हणजे सीता अशोक (सराका असोका). तो शिंबी कुळातील, सदाहरित व मध्यम उंचीचा असल्याने अंगणास शोभतो.

ओळख : सीता अशोकाचे पान संयुक्त असून त्यात पर्णिकांच्या जोड्या असतात, कोवळी पालवी तांबूस व लोंबती असते. वसंतात फांद्यांवर नारिंगी फुलांचे गुच्छ येतात व पुढे ते लाल होतात. या फुलांस पाकळ्या नसतात. रंग असतो तो निदलपुंजाचा. फळ म्हणजे चपटी शेंग. आसुपालवाचे पान साधे व लहरी कडांचे, तर फुले हिरवट असतात.

लागवड : बी फार काळ टिकत नाही, म्हणून पक्व शेंगांतील ताजे बी रात्रभर पाण्यात भिजवून लगेच पिशवीत पेरावे. रोपास प्रारंभी सावली द्यावी. पावसाळ्याच्या आरंभी, भिंतीपासून किमान ३ मीटर अंतरावर, सेंद्रिय खत घातलेल्या व निचऱ्याच्या जमिनीत रोप लावावे. कोकणात हा वृक्ष सहज रुजतो. देशावर मात्र उष्ण वाऱ्यापासून आडोसा, उन्हाळ्यात नियमित पाणी व बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन आवश्यक आहे.

हे झाड सालीसाठी लावू नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. बुंध्याची साल सभोवती काढल्यास वृक्ष मरतो. अशाच तोडीमुळे १९९८ मध्ये या जातीची नोंद आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून झाली. अंगणातील वृक्ष हा ओळखीचा पाठ आहे. सुकलेल्या सालीचा निर्णय मात्र केवळ डोळ्यांनी करू नये. औषधालयचालकांनी प्रत्येक खरेदीची आयुर्वेदिक फार्माकोपियानुसार सूक्ष्मदर्शकीय व रासायनिक तपासणी करून घ्यावी.

पुढील वर्षा ऋतूत प्रत्येक वैद्याने एक तरी सीता अशोक लावावा व येणाऱ्या विद्यार्थ्यांस तो दाखवावा, ही विनंती.