शब्द माझे, मग नाव त्यांचं कशाला?

प्रश्न : मी जबलपूरला राइट टाउनमध्ये राहते. घरात मराठी, कॉलेजात हिंदी आणि वाचायची पुस्तकं बहुतेक इंग्रजी, असं आमचं चालतं. कलचुरींच्या इतिहासावर लघुशोधप्रबंध लिहिते आहे. वा. वि. मिराशींची वाक्यं जिथे जशीच्या तशी घेतली तिथे अवतरणचिन्हं आणि तळटीप दिली. जिथे मजकूर माझ्या शब्दांत, हिंदीत मांडला तिथे काही दिलं नाही. गाइड म्हणतात, तिथेही संदर्भ हवा. शब्द माझे, भाषासुद्धा वेगळी, मग नाव त्यांचं कशाला?
– एक विद्यार्थिनी, राइट टाउन, जबलपूर

उत्तर : गाइड बरोबर सांगताहेत. अवतरणचिन्हं सांगतात की हे शब्द दुसऱ्याचे आहेत. तळटीप सांगते की ही माहिती, हा विचार कुठून आला. शब्द बदलल्यावर अवतरणचिन्हं गेली, पण विचार आला तिथूनच आला ना? मग तळटीप राहणारच.

तुमच्या विषयातलंच उदाहरण घेऊ. भेडाघाटचा अल्हणदेवीचा शिलालेख तुमच्या वाचनात आला असेल. कलचुरी संवत 907, म्हणजे इ. स. 1155. कलचुरी राजा नरसिंहाची आई अल्हणदेवी हिनं शिवमंदिर बांधलं, त्याला जोडून मठ आणि व्याख्यानशाळा उभारली, असं त्यात आहे. तुम्ही हे एका ओळीत लिहाल. पण ती ओळ तुमच्यापर्यंत कशी पोचली ते बघा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवून गेलेल्या कीलहॉर्न यांनी हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’त संपादित केला. पुढे मिराशींनी कलचुरी-चेदी संवताचे लेख एकत्र करून 1955 साली ‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकेरम’चा चौथा खंड सिद्ध केला. ‘907 म्हणजे 1155’ हे इवलंसं समीकरणसुद्धा आयतं मिळालेलं नाही. या संवताचा आरंभ इ. स. 248-49च्या सुमारास धरायचा, हे लेखांमधल्या तिथी-वारांची गणितं मांडून कीलहॉर्न यांनी ठरवलं आणि मिराशींनी ते नव्यानं तपासलं. दगडावरचं झिजलेलं अक्षर लावण्यात डोळे त्यांचे गेले. तुमचं वाक्य कितीही स्वतंत्र असो, ते या कष्टांवर उभं आहे. आणि तुमचा प्रबंध वाचणाऱ्याला शंका आली तर त्यानं कुठे जाऊन पडताळावं? शिलालेखाच्या बाबतीत नुसता पृष्ठ क्रमांक न देता लेखाचा क्रमांक आणि ओळ किंवा श्लोकही द्या.

आता ‘माझे शब्द’ याबद्दल. इथे विद्यार्थ्यांची फसगत होते, तीही नकळत. खालचं वाक्य मी उदाहरणापुरतं रचलं आहे, ते कुणा इतिहासकाराचं समजू नका : ‘मंदिरासोबत व्याख्यानशाळा उभारल्यामुळे राणीच्या दानाला विद्येच्या आश्रयाचं रूप आलं.’ आता कुणी लिहिलं, ‘देवळाबरोबर व्याख्यानगृह बांधल्याने राणीच्या दानास विद्याश्रयाचे स्वरूप प्राप्त झाले.’ हे स्वतःचे शब्द नव्हेत. वाक्याचा सांगाडा तोच आहे, फक्त कपडे बदलले. खाली तळटीप दिली तरी हे चुकीचंच, कारण वाचक समजतो की मांडणी तुमची आहे. पुस्तक मिटा, दहा मिनिटं दुसरं काही करा, मग काय कळलं ते लिहा : ‘अल्हणदेवीनं पूजेची सोय केली, तशी शिकणाऱ्यांचीही केली; म्हणून अमुक लेखक तिच्या दानाकडे विद्येला दिलेला आधार म्हणून पाहतात.’ मग पुस्तक उघडून ताडून घ्या, आणि खाली संदर्भ द्या.

त्या ‘अमुक लेखक’ या शब्दांकडे लक्ष द्या. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा तिथे आहे. पाच वाक्यांचा परिच्छेद आणि शेवटी एक तळटीप, असं असलं की उसनं कुठून सुरू झालं ते कळतच नाही. पाचही वाक्यं मिराशींची की शेवटचं एकच? ‘मिराशींच्या मते’ असं म्हणून दार उघडा, तळटीपेनं बंद करा, आणि त्यानंतर जे लिहाल ते तुमचं. परीक्षकाला तुमचा आवाज ऐकायचा असतो. हद्द पुसली, तर त्यात तुमचंही नुकसान होतं, कारण तुमचं स्वतःचं निरीक्षण मिराशींच्या खात्यावर जमा होतं.

भाषांतराचंही असंच. इंग्रजी वाक्य हिंदीत ओळीला ओळ आणलं, तर तो भावार्थ नसून अवतरणच आहे. त्याला चिन्हं लावा आणि ‘अनुवाद माझा’ असं लिहा. दोन भाषांच्या मधल्या फटीतून सॉफ्टवेअरला बऱ्याचदा काही दिसत नाही. विषय जाणणाऱ्या परीक्षकाला दिसतं.

कीलहॉर्न यांचं मत तुम्ही मिराशींच्या ग्रंथातच वाचलं असेल, तर ‘मिराशी यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’ असं प्रामाणिकपणे लिहा आणि संदर्भसूचीत मिराशींचाच ग्रंथ द्या. न वाचलेलं पुस्तक सूचीत घालणं मला फार खटकतं. ‘एपिग्राफिया इंडिका’चे जुने खंड आता संगणकावर वाचता येतात, तेव्हा मूळ पाहिलंत तर उत्तमच.

सगळ्यालाच टीप नको. त्रिपुरी म्हणजे आजचं तेवर, किंवा 1939 साली तिथे सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, हे सर्वज्ञात आहे. पण त्यांनी पुढे राजीनामा का दिला याची कुणाची मीमांसा घेतलीत, तर नाव हवं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळतात. म्हणून 10 टक्के उचलायला मोकळीक आहे, असा अर्थ काही जण काढतात. तसं नाही. साम्य यंत्र मोजतं, चोरी माणूस ठरवतो. बाकी तांत्रिक बाबी तुमच्या विभागाच्या पद्धतीप्रमाणे. एपीए पद्धतीत 40 किंवा त्याहून जास्त शब्दांचं अवतरण चिन्हांशिवाय, समासापासून आत सरकवून देतात. भावार्थालाही पृष्ठ क्रमांक एमएलए मागते, एपीए त्याची सक्ती करत नाही. तुम्ही द्याच.

आणि हे सगळं परदेशातून आलेलं लचांड आहे असं वाटू देऊ नका. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या त्या प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांना गाठून, विचारून. त्यातून झालेला ‘लीळाचरित्र’ हा मूळ ग्रंथ पुढे नाहीसा झाला, अनुयायांनी आठवणीतून तो परत उभा केला. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एखाद्या ठिकाणचा वेगळा पाठ या अनुयायांपैकी हीराइसेचा की रामेश्वरबासांचा, हे नावानिशी नोंदलेलं सापडतं. शब्द थोडे इकडचे तिकडे झाले म्हणून सांगणाऱ्याचं नाव त्यांनी गाळलं नाही.

आता काम एवढंच. टिपणांची वही काढा. जशाच्या तशा उतरवलेल्या ओळींना एका शाईत, स्वतःच्या शब्दांतल्या टिपणांना दुसऱ्या शाईत खूण करा, आणि प्रत्येकापुढे पृष्ठ क्रमांक घाला. जिथे क्रमांक आठवत नाही, तिथली पानं मिराशींचा खंड ग्रंथालयात परत करण्याआधी शोधून ठेवा.